उजवा पाय

१९७१ सालच्या पवित्र गुरुवारी सकाळी व्हायोलेट नर्सने मरोळच्या म्हाताऱ्या इसिडोर अंकलांच्या उजव्या पायातला मोजा काढला आणि तिचं डोकंच फिरलं. तळव्यावरचं कुरूप कुणीतरी कापलं होतं आणि तिथून रक्त ठिबकत होतं.

"ब्लेड लावलंत ना? मधुमेहाने पाय बधिर झालाय, कापलं तरी तुम्हाला कळत नाही, हे किती वेळा कानीकपाळी ओरडू?"

"अगं, येशूने शिष्यांचे धुतले तसे आज फादर चर्चमध्ये बाराजणांचे पाय धुणार. यंदा माझं नाव आलंय. धुऊन ते पायाचं चुंबन घेतात. त्यांच्यापुढे असला घाणेरडा पाय कसा न्यायचा?"

व्हायोलेटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं दर आठवड्याला, ड्युटीवर जाण्याआधी, ती हाच पाय मांडीवर घेऊन धूत होती, त्याची नखं कापत होती.

"आणि माझ्यापुढे चालतो? माझ्यासमोर कधी लाज नाही वाटली?"

हा विचार अंकलांच्या मनाला कधी शिवलाच नव्हता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, म्हणून ती आणखीच भडकली. हात मात्र हळुवार चालत होते. जखम धुऊन, औषध लावून तिने घोट्यापर्यंत जाड पट्टी बांधली.

"मी येईपर्यंत ही कुणी सोडायची नाही. फादरनीसुद्धा."

"पण फादर उजवाच पाय धुतात गं!"

"मग त्यांना म्हणावं, यंदा डावा धुवा. उजवा मी धुते, बाराही महिने."