ठरवून केलेली चूक

शाळेत एकाच आडनावाच्या दोन गणिताच्या बाई होत्या, म्हणून एक थोरल्या बाई आणि दुसऱ्या धाकट्या बाई. घरी त्या नणंद-भावजय. घरात शब्द चालायचा थोरल्यांचा. या वर्षी मात्र मुख्याध्यापकांनी धाकट्यांना नवं काम दिलं: इतर शिक्षकांच्या वर्गात बसायचं, बघायचं आणि शिकवणं सुधारायला मदत करायची. आता सख्ख्या नणंदेला शिकवणं सुधारायला मदत करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षणच!

"माझ्या वर्गात कुणी बसत नाही," थोरल्या बाईंनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आधी तू शिकव. आम्ही सगळे मागे बसतो. पटलं, तर ये माझ्याकडे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. थोरल्यांचं दार उघडलं नाही तर कुणाचंच उघडणार नव्हतं आणि ते काम तिथेच संपणार होतं.

तेव्हापासून धाकट्या बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुधाजवळ उभ्या राहिल्या आणि दूध डोळ्यांदेखत उतू गेलं. नवऱ्याने "काय झालं?" विचारलं तर त्याच्यावरच खेकसल्या, तो तरी काय, थोरल्यांचाच भाऊ!

'मुलांना चुकू द्या, चुकीतूनच कळतं,' असं त्या दर बैठकीत सांगायच्या. पण आपलाच पाठ चुकला तर? शेवटी राहवेना, म्हणून आदल्या दिवशी त्यांनी तोच पाठ त्याच वर्गावर घेऊन टाकला. प्रश्न तेच, उत्तरं तीच. एवढंच नाही, चूकसुद्धा ठरवून ठेवली. दोन वेण्यांच्या मुलीने उठून म्हणायचं, एक चतुर्थांश मोठा, कारण चार तिनापेक्षा मोठे. मग बाई कागदाच्या पट्ट्या काढणार. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी मागच्या भिंतीला शिक्षकांची रांग बसली. धाकट्या बाईंनी विचारलं, "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" प्रश्न संपायच्या आत सगळे हात वर. दोन वेण्या उभ्या राहिल्या.

"बाई, आता चुकू, की थोड्या वेळाने?"

खेळाच्या सरांना हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात दडवलं. थोरल्या बाई हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं धाकट्यांना वाटलं. पितळ उघडं पडलं होतं, आणि तेही नणंदेसमोर. पळून जावं असं वाटत होतं, पण दार त्या रांगेपलीकडे होतं.

त्यांनी फळा पुसला. "काल मी तुमच्याकडून हे घोकून घेतलं," त्या मुलांना म्हणाल्या, पण ऐकायचं होतं ते मागच्यांनी. "ते चुकलं माझं. आज दुसरा प्रश्न." दुसरा कुठला, हे त्यांनाही माहीत नव्हतं. हाताला सुचलं ते लिहिलं: दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश. मोठा कोण?

एकही हात वर नाही. मग दोन वेण्यांनीच मान वर केली.

"दोन्ही सारखेच, बाई. दोन्हींत एकच तुकडा कमी आहे."

ही चूक कुणी शिकवलेली नव्हती. धाकट्या बाई बघतच राहिल्या. उत्तर ओठावर आलं होतं, पण ते सांगून टाकलं की संपलं. आणि पुढे काय विचारावं ते सुचेना. खडूने बोटं पांढरी झाली.

"अगं, तिला विचार ना, तो कमी असलेला तुकडा केवढा आहे!" मागून आवाज आला.

मागे बसणाऱ्यांनी बोलायचं नाही, हा धाकट्यांचाच नियम. तो मोडून थोरल्या बाई चक्क उभ्या राहिल्या होत्या. मुलीने टेबलावरच्या पट्ट्या ओढून घेतल्या आणि जुळवायला लागली. बाकीची मुलं तिच्या बाकावर वाकली, "हा मोठा, नाही गं, हा!" म्हणून भांडायला लागली. तेवढ्यात घंटा झाली. पाठ अर्धाच राहिला.

शिक्षक बाहेर पडले. धाकट्या बाई खाली मान घालून पट्ट्या गोळा करत राहिल्या. आता घरीदारी ऐकून घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं.

"उत्तर सांगितलं नाहीस ना त्यांना?" थोरल्या बाई टेबलापाशी आल्या होत्या.

"नाही, ताई."

"सांगू नकोस. उद्या हाच प्रश्न माझ्या वर्गावर घेते. दरवर्षी मी इथे छेद सारखे करायचा नियम सांगून मोकळी होते. मुलं सोडवतात, पण कळतं की नाही, देव जाणे." त्यांनी एक पट्टी उचलली, दुमडली, पुन्हा सरळ केली. "तू ये. मुलांना आधी काही सांगून ठेवणार नाही मी, तुझ्यासारखं."

धाकट्या बाईंना हसावं की रडावं कळेना. "कितव्या तासाला येऊ?"

"दुसऱ्या. आणि हे बघ, माझ्यासमोर बसू नकोस. खिडकीपाशी बस, कडेला." थोरल्या बाईंचा आवाज एकदम खाली आला. "तू दिसलीस, तर मला बोलता यायचं नाही."