जोडीतली धाकटी कोठी

पत्र्याची एक जुनी कोठी आहे मी, मित्रांनो. कोठी म्हणजे धान्य साठवायचं उंच भांडं. आज मला कोणी पाहिलं तर वाटेल, ही पहिल्यापासून एकटीच असेल. तसं नाही. आम्ही दोघी होतो. मोठी, आणि मी धाकटी.

भिलाईच्या पावर हाउस बाजारात चंपत नावाचा एक पत्र्याचं काम करणारा होता. त्याने एकाच पत्र्यातून आम्हाला कापलं. मारोतराव तेव्हा स्टील प्लांटमध्ये क्लार्क होते, नवीनच लग्न झालं होतं. त्यांच्या बायकोने, वसुंधराबाईंनी, सासरहून महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे आणले होते. विदर्भातल्या घरांत भाद्रपदात महालक्ष्म्या बसवतात. धान्याने भरलेल्या कोठीवर मुखवटा ठेवायचा, कोठीलाच साडी नेसवायची आणि दागिने घालायचे. त्या बहिणी असतात, थोरली आणि धाकटी. एकटी महालक्ष्मी कधी बसवत नाहीत.

वसुंधराबाईंनी चंपतच्या दुकानात बसूनच आम्हाला करवून घेतलं. "कमरेत थोडी बारीक करा भाऊ, साडी घसरते," असं त्या म्हणत होत्या आणि मारोतराव लाजून रस्त्याकडे पाहत होते.

वर्षभर आम्ही स्वयंपाकघरात असायचो. मोठीत गहू, माझ्यात तांदूळ. वसुंधराबाई त्यात कडुनिंबाचा पाला घालायच्या, झाकणावरून ओला फडका फिरवायच्या. भाद्रपद आला की आम्ही बैठकीत जायचो. साडी नेसवताना आम्हाला धरून उभं राहायचं काम मारोतरावांचं.

"धरा ना नीट. नवरी नेसवून राहिली मी, खंबा नाही."

"तुले नेसताना तं कोणाले धरावं लागत नाही."

"तोंड बंद ठेवा आन् निऱ्या धरा."

मग आंबील, पुरणपोळ्या, सोळा भाज्या. प्लांटच्या क्वार्टर्समधल्या सगळ्या बायका यायच्या. शेजारच्या भागीरथाबाई आमच्यासमोर उभ्या राहून दरवर्षी म्हणायच्या, "वसुंधरा, ह्या आता बोलतीन पाह्य." आम्हाला फार बरं वाटायचं. मोठी माझ्या उजव्या हाताला असायची. तिच्याकडे न पाहताही ती तिथे आहे हे मला कळायचं.

मारोतराव निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडून सगळे दुर्गच्या पद्मनाभपुरात स्वतःच्या घरात आले. आम्हाला मेटाडोरमध्ये मधोमध उभं केलं आणि पोचे येऊ नयेत म्हणून भोवती गाद्या लावल्या. गाद्या मारोतरावांनी स्वतः लावल्या. हे मुद्दाम सांगते आहे. त्यांना आमची किंमत माहीत नव्हती, असं कोणी म्हणू नये.

मग एका पौषात वसुंधराबाई गेल्या.

त्या वर्षी सण झाला नाही. माझ्यातला तांदूळ संपला तो कोणी भरला नाही. मारोतराव दुकानातून छोटी पाकिटं आणायचे. सकाळी स्वयंपाकघरात यायचे, मोठीचं झाकण उघडायचे, आत पाहायचे आणि झाकण लावून चहा न करताच परत जायचे.

दिवाळीनंतर त्यांचे मित्र पुंडलिकराव आले. रेल्वेत गार्ड होते ते, मोहन नगरात राहतात. म्हणाले, "मारोतराव, घर नवं करून टाका. रंग बदलला का माणूस रमते."

मारोतरावांनी ते मनावर घेतलं. भिंतींना फिकट पिवळा रंग, खाली नव्या टाइल्स, स्वयंपाकघरात सरकणारे कप्पे. जुना ओटा फोडला. वसुंधराबाईंचा पाट, पातेली, पडदे, एकेक करून सगळं दाराबाहेर जाऊ लागलं. एका रविवारी रायपूरहून मुलगा हर्षल आणि सून शिल्पा आले. आम्ही दोघी तेव्हा व्हरांड्यात, सिमेंटच्या पोत्यांजवळ होतो.

"बाबा, कोठ्या कावून काढून राहिले तुमी? आईच्या आहेत त्या."

"म्हणूनच काढून राहिलो."

हर्षलने शिल्पाकडे पाहिलं. शिल्पा म्हणाली, "बाबा, बाकी काहीही द्या. ह्या ठेवा. वर्ष झालं का मी बसवीन महालक्ष्म्या."

"पाहू," मारोतराव म्हणाले. मुलं निश्चिंत मनाने परत गेली. मीही निश्चिंत झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कबाडीचा, म्हणजे भंगारवाल्याचा, ठेला दाराशी आला. मारोतराव आमच्याकडे बघत उभे राहिले. मग मोठीवर हात ठेवून म्हणाले, "ये बड़ी ले जा. छोटी रहने दे."

"दूसरी भी दे दो बाबूजी. एक का क्या करोगे?"

"एक बच्चों के लिए."

मित्रांनो, त्यांना वाटलं, मुलांचंही राहिलं आणि आपलंही झालं. इतकी वर्षं आम्हाला धरून ते उभे राहिले होते. मोठीला ठेल्यावर आडवी टाकली तेव्हा तिचं झाकण घरंगळत रस्त्यावर गेलं. मारोतरावांनीच ते उचलून आणून दिलं.

मला रंगाऱ्याने भिंतीला शोभेल असा रंग दिला. बैठकीच्या कोपऱ्यात ठेवून माझ्यात छत्र्या उभ्या केल्या. येणारे जाणारे म्हणायचे, छान दिसते.

पुढच्या भाद्रपदात शिल्पा सणाआधीच आली. तिने मुखवटे चिंचेने घासले, साड्या काढल्या, माझ्यातल्या छत्र्या बाजूला केल्या. मग घरभर फिरून आली.

"बाबा, मोठी कुठं आहे?"

"एक ठेवली ना."

"एकटी कशी बसवू, बाबा?"

मारोतराव खुर्चीत बसले. त्यांना तेव्हा समजलं. ते हर्षलला घेऊन कबाडीच्या गोदामात गेले आणि दुपारी रिकाम्या हाताने आले. "मशीनमध्ये दाबून टाकली म्हणते," एवढंच म्हणाले.

शेवटी बाजारातून लोखंडी पाइपचे दोन नवे स्टँड आले. त्यांच्या पोटात धान्य मावत नाही. महालक्ष्म्या त्यांवर बसल्या. छत्र्या पुन्हा माझ्यात आल्या. आरती झाली, जेवणं झाली. मग मारोतराव माझ्याजवळ आले आणि माझ्या काठावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तुले तं ठेवलं ना मी."

हो, ठेवलं. माझी तक्रार तीच आहे. जोडीतलं एक गेल्यावर उरलेल्याचं काय होतं, हे त्या घरात त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी ते त्यांनी माझ्यावर आणलं, आणि वर त्याला वाचवणं समजले.

म्हणून मित्रांनो, घर जरूर नवं करा. मारोतरावांसारख्या माणसाला हवा तो रंग लावू द्या, हवं ते काढू द्या. पण काही काढण्याआधी ते कोणाच्या शेजारी उभं होतं, तेवढं विचारा. आणि द्यायचंच असेल, तर दोघींना एकाच ठेल्यावर द्या.