वॉशरचा डबा

सकाळपासून लिफ्ट मेकॅनिकचा जीव थाऱ्यावर नव्हता. लिफ्ट बंद करून, पाटी लावून तो जिन्याने गच्चीवरच्या मशीनच्या खोलीकडे निघाला, आणि तिसऱ्या मजल्यावरच त्याचा शर्ट घामाने अंगाला चिकटला. छातीत दुखत नव्हतं, पण जबडा जड झाला होता. त्याने पिशवीतल्या मीटरवर शुगर पाहिली. एकशे तीस. म्हणजे दोष शुगरचा नव्हता, आणि नेमकं तेच त्याला नको होतं.

बारा वर्षांचा मधुमेह त्याने गुमान सांभाळला होता. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र त्याला कधी पटली नाही. रिपोर्ट चांगला आला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हा गोळीचाच प्रताप आहे. थांबवू नका. मधुमेहात हृदयाला धोका जास्त असतो." गड्याने मान डोलावली आणि घरी येऊन गोळीच बंद केली. बायको रोज रात्री जेवणानंतर ती हातावर ठेवायची. हा पठ्ठ्या ती खिशात सरकवायचा आणि सकाळी कामाच्या पिशवीतल्या वॉशरच्या डब्यात, लोखंडी चकत्यांमध्ये, टाकायचा. तीन महिने झाले होते.

"अहो, चांगली चालत होती की लिफ्ट!" चौथ्या मजल्यावरच्या काकू वरून ओरडल्या. "कशाला बंद केलीत?"

"वरच्या चाकाचा आवाज बदललाय, काकू. चालतेय तेव्हाच बघायचं असतं. पडल्यावर काय बघणार?"

तीस वर्षं हे वाक्य त्याने लोकांच्या तोंडावर फेकलं होतं. आज ते त्याच्यावरच उलटलं. तो पायरीवर बसला. त्याला भीती वाटत होती, चांगलीच. त्याने बायकोला फोन लावला.

"अगं, ती रात्रीची गोळी मी घेतच नाहीये. तीन महिने झाले. आणि आता, सकाळी सांगितलं त्या बिल्डिंगच्या जिन्यात बसलोय, मला बरं वाटत नाहीये."

ती म्हणाली, "भांडण नंतर. आहात तिथेच बसा, एक पायरीसुद्धा उतरायची नाही. मी अँब्युलन्स बोलावते."

अँब्युलन्सची दोन माणसं धापा टाकत वर आली. "लिफ्ट चालू करता येईल का?"

"नाही. तपासून झालेली नाही."

त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, पट्टा आवळला. एकाने विचारलं, "रोजची औषधं सगळी घेता ना?"

तीन महिने या प्रश्नाला त्याचं 'हो' ठरलेलं होतं. आताही ते ओठांवर आलं होतं.

"पिशवीतला तो वॉशरचा डबा सोबत घ्या," तो म्हणाला. "वॉशर बाजूला काढा. उरलेल्या सगळ्या गोळ्या मी घ्यायला हव्या होत्या."