बोंग-र्ये आजींचं शेवाळ आणि माझी रिकामी पाठ

मित्रांनो, मी एक दगड आहे. माझं वय ऐकून भारावून जाऊ नका. तीन हजार वर्षं पडून राहायला फारशी अक्कल लागत नाही. कोरियाच्या दक्षिणेकडच्या या बेटावर शे-दीडशे माणसांनी मला दोरांनी ओढत आणलं, चार दगडांवर ठेवलं आणि खाली आपला मुखिया पुरला. मुखियाचं पुढे कुणी नावही काढलं नाही. माझं लांब, सपाट अंग मात्र कामाला आलं. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या बायकांनी माझ्यावर मिरच्या वाळवल्या, मासळी वाळवली आणि सुनांच्या चहाड्या केल्या. ते माझे सुखाचे दिवस.

मग संशोधक आले. त्यांनी माझी स्तुती केली. स्तुतीपाठोपाठ कुंपण आलं आणि पाटी लागली: प्राचीन शिळा, पुढे दीपगृह, झुलता पूल. प्रवासी माझ्याकडे पाठ करून फोटो काढतात आणि पुलाकडे पळतात.

या वसंतात एका सकाळी बोंग-र्ये आजी कुंपण ओलांडून आल्या. शिंपले-शेवाळ काढायला जन्मभर समुद्रात बुड्या मारलेली बाई. पलीकडे मोकपो शहरात त्यांच्या मुलीचे दिवस भरले होते. आमच्याकडे बाळंतिणीला शेवाळाचं सूप देतात. त्यासाठी शेवाळाचा लांब पट्टा अखंड वाळवायचा. घडी पडली, तर बाळंतपण अडतं, असं इथे मानतात.

आजींनी पट्टा माझ्यावर पसरला, तोच माझ्या देखरेखीला नेमलेले प्यो साहेब धावत आले.

"आजी, हा राष्ट्रीय ठेवा आहे!"

"मग ठेव की. मी कुठं घरी नेतेय?"

"उचला ते, नाहीतर पिशवीत कोंबतो."

"कोंब! तुझ्या आईनं घडीचंच शेवाळ खाल्लं असणार, म्हणून असा वाकडा निघालास!"

साहेबांनी रागाने एक टोक उचललं, घडी घालायला हात वळवला आणि हात तिथेच थांबला. नियम तोंडपाठ असले, तरी जन्म याच बेटावरचा. दुसरं टोक आजींनी धरलं. आता घडी घालता येईना, मातीत ठेवता येईना, माझ्यावर ठेवलेलं साहेबांना चालेना. दोघं दिवसभर उन्हात पट्टा ताणून उभी राहिली.

"तुमच्यावर खटला भरणार आहे, आजी."

"भर. आधी टोक वर धर."

संध्याकाळी शेवाळ अखंड, कडक वाळून मोकपोच्या बोटीत चढलं.

मित्रांनो, मला जपा. पण मी शेजारी रिकामा पडलेला असताना सत्तरीच्या बाईला दिवसभर उभं राहावं लागत असेल, तर त्याला जपणं म्हणू नका. त्यापेक्षा मला फोडा आणि तिच्या अंगणात फरशी घाला.