धर्माच्या कानाशी टेकलेले वल्हे

राहीच्या ओटीवर, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या मागे, दोन दोऱ्यांवर आडवे टांगलेले एक लाकूड आहे. येणारेजाणारे त्यावर खुशाल ओला पंचा टाकतात. मित्रांनो, ती कपडे वाळत घालायची काठी नव्हे. मी एक जुने वल्हे आहे. माझ्या पात्याला चीर गेली आहे, पण मुठीकडचे टोक नीट बघा. तिथे लाकूड जरा खोलगट आणि गुळगुळीत झाले आहे. हाताने तसे झिजत नाही. तिथे वर्षानुवर्षे राहीच्या नवऱ्याचा, धर्माचा कान टेकला आहे.

माझा जन्म डोंगरातला. मी साग होते तेव्हा पाखरे, वारा आणि पाऊस एवढेच आवाज मला माहीत होते. कुऱ्हाडीचा आवाज सर्वांत शेवटी कळला. सुताराने मला तासले, माशाचे तेल पाजले आणि आगरदांड्याच्या समोर, खाडीच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात आणून दिले. आता जन्मभर पाणी ढकलायचे, असे मी मनाशी धरून बसले होते. पण धर्मा कोळ्याने पहिल्याच दिवशी मला बोटाने टकटक वाजवले, टोकाला कान लावला आणि तो गालात हसला.

"ह्ये बोलतंय," तो म्हणाला.

घोळ नावाचा मोठा मासा पाण्याखाली घुमतो. होडीतून ते ऐकू येत नाही. वल्ह्याचे पाते पाण्यात सोडून मुठीला कान लावला, की तो घुमारा लाकडातून वर चढतो. चढतो खरा, पण ओळखायला कान लागतो, आणि आमच्या कोळीवाड्यात तसा कान धर्माचा. पहाट फुटताना तांडेल येसाजी होडी थांबवी. तांडेल म्हणजे होडीचा कारभारी. एरवी येसाजीच्या तोंडाला कुलूप कसे ते ठाऊक नव्हते, पण त्या वेळी तोसुद्धा गप्प. कोणी खोकायचे नाही, कोणी विडी पेटवायची नाही. धर्मा डोळे मिटून माझ्यावर झुके आणि मी खालच्या हिरव्या अंधारात हळूहळू उतरे.

काय सांगू तुम्हाला, तिथे काय काय ऐकू येई! वाळू झोपेत कूस बदलावी तशी सरके. कोळंबी कुठेतरी चुटचुटे. आणि मग फार लांबून, स्वप्नात कोणी बोलावते तसा, घोळांचा घूं घूं आवाज येई. धर्माचा हात वर जाई, जाळे पडे आणि होडी भरून घरी येई. पहिली घोळ मानाने धर्माच्या घरी जाई. नारळी पौर्णिमेला राही होडीला कुंकू लावी, तेव्हा एक बोट मलाही लावी. त्या दिवशी मी भलतेच तोऱ्यात असे.

मग एका वर्षी, एकोणीसशे सत्तावीस किंवा अठ्ठावीस साल असेल, खाडीच्या तोंडाशी धक्का बांधायला घेतला. खडक फोडायला सुरुंग लावत. आधी लाल बावटा हलवीत, म्हणजे माणसे कान झाकून लांब पळत. धर्माने बावटा पाहिला होता. पण या धडाक्याने घोळ खाडी सोडून जातात की काय, ही चिंता त्याला खात होती आणि ते त्याला ऐकूनच ठरवायचे होते. बार वर हवेत होणार, पाण्यात कशाला येतोय, असे म्हणून त्याने होडीतून मला पाण्यात सोडले, एका कानात बोट घातले आणि दुसरा कान माझ्या मुठीला लावला. बार पाण्यातून आला. माझ्या पात्यावर आदळला आणि माझ्या अंगातून सरळ त्याच्या कानात शिरला. लाकडाला दार नसते, मित्रांनो. जे येते ते पुढे जाते.

त्या दिवसापासून धर्माच्या कानात एक आवाज राहायला आला. घूं... असा, न थांबणारा. धर्माने कोणाला सांगितले नाही. ऐकणाऱ्याचा कान बिघडला हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

तो पुन्हा होडीत बसला, माझ्यावर झुकला आणि त्याला लगेच घूं ऐकू आले. हात वर गेला. जाळे रिकामे आले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. खाली पाण्यात काहीच नव्हते, हे मला कळत होते, पण मला वाचा कुठली? अखेर येसाजीने जाळे ओढता ओढता हात टेकले.

"धर्मा, दर्या मोकला हाय रं. तुला काय ऐकू येतंय तरी काय?"

धर्मा खाली मान घालून बसला. "येतंय मना," एवढेच तो पुटपुटला.

मग काय, तोंडे सुटली. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे दर्याचे भूत कानात शिरले, कोणी म्हणे धर्माचे डोके फिरले. धर्माने लसूण घालून कढवलेले तेल कानात ओतले, कापसाचे बोळे कोंबले. आवाज हटेना. माणसांचा गलबला नको म्हणून तो माडांच्या वाडीमागे एकटाच जाऊन बसू लागला. जितके तिथे शांत, तितका कानातला आवाज मोठा. त्याचे जेवण सुटले, झोप उडाली. मला त्याने घराच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवले. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. मला फार वाईट वाटे, पण माझ्यापेक्षा त्याच्याकडे बघून अधिक वाटे.

एके दिवशी तो राहीला म्हणाला, "मी म्हमईला जातो, रघूकडं, गिरनीत. तितं येवढी यंत्रं धडधडतात. त्यात बुडंल ह्यो आवाज."

रघू म्हणजे राहीचा भाऊ. राही मासे निवडत होती, ती तशीच थांबली. दर्याशिवाय हा माणूस जगणार नाही, हे तिला दिसत होते. कानात काही नाही, उगीच मनाचे खेळ, असे तिने एकदाही म्हटले नव्हते.

"जावा," ती म्हणाली, "पन आदी माज्यासंगं बोर्लीला चला. सुकट इकायची हाय, पाटी जड हाय."

पाटीचे निमित्त. बोर्ली पंचतनच्या बाजारात एक म्हातारे डॉक्टर बसत. तिथे काय झाले ते मला मागच्या भिंतीशी उभ्या उभ्या कळले, कारण राहीने शेजारच्या सोनूबाईला ते पुन्हा पुन्हा सांगितले. डॉक्टरांनी आरसा लावून कान पाहिला, तेलाचा साचलेला मळ काढला, पोलादी चिमटा वाजवून दोन्ही कानांची परीक्षा केली. मग म्हणाले, "भूत नाही आणि वेडही नाही. दणक्याने कानाच्या आत दुखापत झाली आहे. हा आवाज तुला खरोखरच ऐकू येतो."

"जाईल का वो?" धर्माने विचारले.

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. "खोटे कशाला सांगू? कदाचित राहील. पण तू रात्रंदिवस त्याच्यावर पहारा करतोस, म्हणून तो माजला आहे. तेल घालू नकोस. मुद्दाम शांत जागा शोधू नकोस. लाटांच्या जवळ झोप. आणि गिरणीचे नाव काढू नकोस. तिथल्या धडधडीने उरलेला कानही जाईल."

धर्मा परत येताना वाटेत रडला, असे राही म्हणाली.

तिने त्याची वाकळ ओटीवर, लाटांच्या बाजूला घातली. लाटांचा आवाज कानातल्या आवाजावर पातळ पांघरुणासारखा पसरे आणि त्याला डोळा लागे. सकाळी ती विचारी, "आज कसा हाय त्यो?" जणू घरात एखादा तऱ्हेवाईक पाहुणा उतरला आहे. धर्मा आधी चिडे. पुढे सांगू लागला, "आज जरा बारीक हाय." आणि एका सकाळी तो म्हणाला, "अगो, इसरलोच व्हतो मी त्याला!" राही तोंडाला पदर लावून हसली.

त्याच दिवशी त्याने कोंबड्या हाकलल्या आणि मला धुऊन होडीवर नेले. येसाजीने तोंड वाकडे केले, पण जागा दिली. होडी थांबली. धर्माने मला पाण्यात सोडले, कान लावला. घूं. सगळे त्याच्या हाताकडे बघत होते. हात वर गेला नाही. त्याने मला पाण्याबाहेर उचलले आणि पुन्हा कान लावला. मी हवेत ठिबकत होते, तरी घूं तसाच होता.

"ह्यो माजा," धर्मा स्वतःशीच म्हणाला. मग येसाजीला म्हणाला, "आज काय न्हाय. चला म्हागारी."

येसाजीने त्याच्याकडे एकटक पाहिले. धर्माने "न्हाय" म्हटलेले त्याने बऱ्याच दिवसांनी ऐकले होते. मग तो वल्हवू लागला.

असे किती दिवस गेले! पाण्यात, बाहेर, पाण्यात, बाहेर. आणि एका धुकट पहाटे मला खालून, फार लांबून, ती जुनी हाक आली. मी अंगभर थरारले. धर्माने मला बाहेर काढले, तेव्हा त्याच्या कानातला आवाज एकटाच उरला. पुन्हा सोडले, तेव्हा दोन झाले. तीनदा त्याने तसे केले. मग डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्याचा हात वर गेला.

त्या दिवशी किनाऱ्यावर पहिली घोळ येसाजीने स्वतः उचलून राहीच्या पाटीत घातली.

आता माझ्या जागी नवे वल्हे आहे. कानातला पाहुणा काही गेला नाही. कधी संध्याकाळी धर्मा ओटीवर येतो, पंचा बाजूला सारतो आणि माझ्या टोकाला कान लावून बसतो. मी कोरडे, हवेत टांगलेले. तिथे त्याच्याच आवाजाशिवाय दुसरे काय असणार? तरी तो बसतो, आणि आम्ही दोघे मिळून लाटा ऐकतो.

मित्रांनो, कान जपा, धडाक्याच्या जवळ उभे राहू नका, हे तर मी सांगेनच. पण आणखी एक मागणे आहे. उद्या तुमच्या घरातले कोणी म्हणाले, की मला एक आवाज येतो, तर "कुठे? आम्हाला तर येत नाही," असे म्हणू नका. जवळ बसा आणि राहीसारखे विचारा, "आज कसा हाय त्यो?"