बोटभर उतार

"नळी हलवू नकोस," नळवाले काका सुनेला म्हणाले. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक तिच्या हातात होतं, दुसरं त्यांच्या. पाणी स्थिरावलं तशी त्यांनी भिंतीवर खडूने पातळीची खूण केली.

अर्ध्या वस्तीची न्हाणीघरं त्यांच्या हातची. स्वतःच्या घरी मात्र अजून पायऱ्या उतरून परसात जावं लागे, आणि त्यावरून काकूंनी त्यांना जन्मभर टोमणे मारले होते. मग काकूंचं उजवं अंग लुळं पडलं आणि टोमणेही थांबले. आता मुलगा त्यांना उचलून नेई. तो कामावर असला की सून भांडं ठेवी, आणि काकू तोंड फिरवून घेत. भिंतीच्या आधाराने त्या चार पावलं फरफटत जात, पण पाय जमिनीवरून उचलत नव्हता.

खोलीच्या आतल्या कोपऱ्यात संडासासकट न्हाणीघर करायचं ठरलं होतं. काकांनी सगळा विचार केला होता. वास येऊ नये म्हणून जाळीखाली ट्रॅप, पाइपला काटकोनात वळण नाही, वळणापाशी उघडता येईल असं झाकण, हवेसाठी वर नेलेला पाइप. जमिनीखाली खडक, म्हणून पाइप भिंतीलगत वरूनच बाहेरच्या चेंबरपर्यंत न्यायचा. हातभर पाइपला बोटभर उतार, त्यात तडजोड नाही. त्यासाठी न्हाणीघराची जमीन वीतभर उचलायची होती. तशी ते सगळीकडेच उचलत आले होते.

काकू खिडकीखालच्या पलंगावरून खडूच्या खुणा बघत होत्या.

"अहो, ती पायरी कोण चढणार?"

काकांनी खडूच्या खुणेकडे पाहिलं, मग काकूंच्या पायांकडे. गिऱ्हाइकाने असं विचारलं असतं तर त्यांनी पायरीला कठडा सुचवला असता. इथे त्यांनी खडू खिशात टाकला.

संध्याकाळी मुलगा म्हणाला की उतार थोडा कमी करू, कुणाला कळणार आहे. काकांनी नकारार्थी मान हलवली. कमी उताराचे पाइप त्यांनी हयातभर उपसले होते. पाणी निघून जातं, घाण मागे राहते, आणि मग एक दिवस ती घरात परत येते. मुलगा म्हणाला, मग पायरी राहू द्या, मी उचलून ठेवत जाईन.  काकूंनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

पायरी टाळायची तर जागा एकच होती: पलंगाची. चेंबर त्या भिंतीच्या अगदी पलीकडे होता, पाइप जमीन न उचलताच सरळ बाहेर पडला असता. पण मग खिडकी बुजवावी लागणार होती. आजारी पडल्यापासून काकूंचं सगळं जग त्या खिडकीतूनच यायचं. शेजारणी गजांना टेकून बोलत, शाळेची मुलं जाता-येता त्यांना हाक मारत. काकांना हे माहीत होतं, म्हणूनच त्यांनी ती जागा सुचवली नव्हती, पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जात होती.

"खिडकी घ्या," काकूच म्हणाल्या.

"अगं, पण दिवसभर तू..."

"दिवसाचं बघू. मला कुणी उचलायला नको."

काकांनी गज काढले, वर हवेपुरता झरोका ठेवला आणि विटा रचायला घेतल्या. काकू आतल्या कोपऱ्यात हलवलेल्या पलंगावरून बघत होत्या. काम झाल्यावर तिथून समोरचं कपाटच दिसणार होतं. दोन विटांची जागा राहिली तेव्हा त्या म्हणाल्या, "शाळा सुटू दे, मग लावा." काका थापी हातात घेऊन खाली बसले. मुलं आरडाओरडा करत गेली, गल्ली शांत झाली, मग त्यांनी विटा लावल्या. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला त्यांनी सिमेंट पुन्हा पुन्हा घोटलं.

काम वाळल्यावर एका सकाळी काकू भिंतीला धरून, पाय फरफटत, एकट्या आत गेल्या. दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

बाहेर तिघंही कान देऊन होते. थोड्या वेळाने पाणी पडलं आणि कुठेही न अडखळता निघून गेलं. काकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण काकू बाहेर येईनात. मुलगा काळजीने उठला आणि दार वाजवायला गेला.

काकांनी त्याचा हात धरला. "राहू दे. इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदा एकटी आहे ती."

मग तिघंही आपापल्या कामाला लागले. निदान तसं दाखवत तरी राहिले.