रडणाऱ्यांचा बाक

मी एक जुना सागवानी बाक आहे आणि मित्रांनो, मी रागावलेला आहे.

मेळघाटच्या सागातून नत्थुजी सुताराने मला घडवले आणि परतवाड्याच्या एका छोट्या चर्चमध्ये अगदी मागे, खिडकीखाली ठेवले. पुढच्या बाकांवर गाणारे बसत. ज्यांच्या घरचे कोणी नुकते गेलेले असे, ते माझ्याकडे येत. असा नियम कोणी केला नव्हता. ती माणसे येत, मान खाली घालून बसत आणि त्यांना कोणी काही विचारत नसे. माझा डावा हात लोकांनी घट्ट धरून धरून गुळगुळीत झाला आहे. त्याचा मला अभिमान वाटतो.

मग जीवन नावाचे तरुण पाळक आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना शांतता सोसत नसे. ढोलक आले, स्पीकर आले, टाळ्या आल्या.

यंदा जयवंताबाईंची रागिणी गेली. वरूडच्या शाळेत शिकवणारी मुलगी, तापाने चार दिवसांत संपली. त्या रविवारी जयवंताबाई माझ्यावर येऊन बसल्या. गाणे सुरू झाले तरी त्या उठल्या नाहीत.

पाळक माइकवरून म्हणाले, "जयवंताबाई, उभ्या राहा. टाळ्या वाजवा. रागिणी प्रभूजवळ आहे. विश्वासणाऱ्याने रडू नये."

जयवंताबाई बसूनच बोलल्या, "ते प्रभूजवळ आहे हे मले माईत आहे, साहेब. माह्याजवळ नाई, म्हणून रडून राहिली मी."

पाळकांनी ढोलकवाल्याला खूण केली. एका आईचे बोलणे ढोलकाखाली दाबून टाकले! मला पाय हलवता आले असते तर मी तेव्हाच चालू लागलो असतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या जागी मोठा स्पीकर आला. "तिथे बसून लोक उदास होतात," असे पाळकांचे म्हणणे. चर्चची झाडलोट करणाऱ्या डोमाजींनी मला ओढत बाहेर नेले आणि भिंतीलगत ठेवले.

पुढच्या रविवारी जयवंताबाई आत डोकावल्या, स्पीकर पाहिला आणि बाहेर येऊन माझ्यावर बसल्या.

"बाई, आतमंदी चाला ना," डोमाजी म्हणाले.

"तुमी जा भाऊ. देव इथंबी आहे."

डोमाजी गेले नाहीत. दुसऱ्या टोकाला बसले. दोन वर्षांपूर्वी त्यांची म्हातारी गेली, तेव्हा त्यांनाही कोणी रडू दिले नव्हते. त्या दिवशी ते रडले. त्यानंतरच्या रविवारी गीतांजली आली. तिचे बाळ जन्मताच गेले होते.

शेवटी पाळक बाहेर आले. "उपासना आत आहे. बाहेर काहून बसले तुमी?"

जयवंताबाई सरकल्या. "बसा."

ते बसले आणि लगेच त्यांनी तोंड उघडले.

"बोलू नका साहेब. निस्तं बसा."

बराच वेळ त्यांचा पाय हलत राहिला. मग थांबला. हळूच ते म्हणाले, "माहे बाबा गेले, तवा चौथ्या दिवशी मी उपदेश केला. रडलोच नाई."

"देवाची मर्जी" असे कोणी म्हणाले नाही. जयवंताबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि पाळक ओक्साबोक्शी रडले.

सोमवारी त्यांनी आणि डोमाजींनी मिळून स्पीकर बाजूला केला आणि मला उचलून आत आणले. आता गाण्याआधी थोडा वेळ सगळे गप्प बसतात. काहींची चुळबुळ होते. होऊ द्या.

माझा राग मात्र गेलेला नाही. उन्हाने माझी एक फळी तडकली, त्याचे मला काही नाही. पण देवाचे घर असताना एका आईला आपले दुःख घेऊन उन्हात बसावे लागले, हे मी विसरणार नाही.

मित्रांनो, मला रंग नको, पॉलिश नको. एवढेच करा. कोणी दुःखाने मुके झाले असेल, तर त्याला हसवायला धावू नका. प्रभूने रडणाऱ्याला कधी दारातून हाकलले नाही, मग तुम्ही कोण हाकलणारे? शेजारी जागा असेल तर बसा. नसेल तर उभे राहा. पण गप्प राहा.